फोर्डचे खेड्यातले कारखाने : मिशिगनच्या नदीकाठची गोष्ट

नदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, मी गेली अकरा वर्षं मिशिगनमधल्या कँटन गावात राहतो. डेट्रॉईटच्या पश्चिमेचा हा पट्टा, म्हणजे कँटन, प्लिमथ, नॉर्थव्हिल, नोव्हाय, इथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यातले बरेच जण गाड्यांच्याच धंद्यात आहेत. मीही.

इथे हाइन्स ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. रूज नदीच्या मधल्या फाट्याचा हात धरून तो कित्येक मैल जातो. मुलाबरोबर सायकलवर जाताना थोड्या थोड्या अंतरावर नदी अडवलेली दिसते. बंधाऱ्यामागे छोटासा तलाव, आणि तलावाच्या तोंडाशी भरपूर खिडक्यांची एक नीटस इमारत. पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांना जुन्या पिठाच्या गिरण्या समजत होतो. काही जागी त्या होत्याही. पण नंतर त्याच बंधाऱ्यांच्या पाण्यावर पिठाऐवजी फोर्डच्या गाड्यांचे भाग तयार होत होते, हे कळलं आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

काळ लक्षात घ्या. १९१३ साली हायलँड पार्कला सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. १९१७ पासून डिअरबॉर्नला रूजचा अवाढव्य कारखाना उभा राहू लागला. एका बाजूने लोहखनिज आत येतं आणि दुसऱ्या बाजूने गाडी बाहेर पडते, अशी त्याची ख्याती. १९२९ पर्यंत तिथे एक लाखाहून जास्त माणसं कामाला होती. आणि नेमक्या याच वर्षांत हेन्री फोर्ड आसपासच्या खेड्यांतून फिरून बंद पडलेल्या पाणचक्क्या विकत घेत होता! १९१८ मध्ये त्याने नॅनकिन मिल घेतली. १९२० मध्ये नॉर्थव्हिलच्या जुन्या गिरणीत इंजिनाचे व्हॉल्व्ह बनायला लागले. हा पहिला. मग फिनिक्स, प्लिमथ, फ्लॅट रॉक, वॉटरफर्ड, आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तर एकामागून एक. रूज, ह्यूरॉन, रेझिन, सलीन या चार नद्यांवर मिळून असे १९ कारखाने सहसा मोजले जातात. सगळे डिअरबॉर्नपासून साठ मैलांच्या, म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या आत. कंपनीत त्यांना नाव होतं ‘व्हिलेज इंडस्ट्रीज’. ग्रामोद्योगच म्हणा.

फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, १८६३ चा जन्म, डिअरबॉर्नजवळच्या शेतावरचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. मिशिगनच्या हिवाळ्यात शेत चार-पाच महिने बर्फाखाली पडून असतं, तेव्हा शेतकरी रिकामा. नदीचं पाणी फुकट वाहून जातंय. तरुण माणूस मजुरीसाठी डेट्रॉईट गाठतो आणि परत येत नाही. तर कारखानाच त्याच्या गावी न्यावा, एक पाय जमिनीत राहू द्यावा आणि एक यंत्राशी. पेरणी-कापणीला रजा घ्यावी, एरवी मशीनवर उभं राहावं. मजुरी मात्र शहराचीच. १९१४ चे दिवसाला पाच डॉलर प्रसिद्ध आहेत, १९१९ मध्ये ते सहा झाले होते. खेड्यातही तोच दर.

हे शक्य झालं विजेमुळे. पाणचक्कीच्या काळात पट्टे आणि दांडे जिथवर पोचतील तिथवरच यंत्र चालायचं. फोर्डने जुनी लाकडी चाकं काढून टर्बाइन आणि जनरेटर बसवले. एडिसन त्याचा जवळचा मित्र. फोर्डच्या राहत्या घराच्या, फेअर लेनच्या, वीजघराची कोनशिला १९१४ मध्ये एडिसननेच बसवली होती आणि ते वीजघरही रूज नदीच्याच पाण्यावर चाले. म्हणजे खेड्यांत जे केलं ते त्याने आधी घरी करून पाहिलं होतं.

कुठे काय बनायचं ते वाचताना मला फार गोड वाटतं. मिलफर्डला कार्ब्युरेटर. फ्लॅट रॉकला हेडलाइट. ब्रुकलिनला हॉर्नची बटणं. शॅरनच्या इवल्याशा गिरणीत, जिथे विसाच्या आसपास माणसं होती, सिगारेट लायटर. डंडीला वेल्डिंगची तांब्याची टोकं. प्लिमथला आटे पाडायचे टॅप, न्यूबर्गला ड्रिल, वॉटरफर्डला माप तपासायची गेज. इप्सिलँटीला स्टार्टर आणि जनरेटर, तो मात्र यांच्यात सगळ्यात मोठा. त्याच्या विजेसाठी ह्यूरॉन नदी अडवून जो जलाशय झाला त्याला आजही फोर्ड लेक म्हणतात. आम्ही तिथे उन्हाळ्यात डबा घेऊन जातो.

१९४७ मध्ये फोर्ड गेला आणि त्याच्या आगेमागे यातले बरेच कारखाने भराभर बंद झाले किंवा विकले गेले. नॉर्थव्हिल मात्र १९८९ पर्यंत तग धरून राहिला.

मला प्रश्न पडलाय तो हा, की हे खरोखर खेड्यांचं भलं होतं का? की खेड्याच्या जागेवर उभा केलेला शहराचाच एक तुकडा? इथे शेती, कारखाना, कामगार चळवळ अशा सगळ्या बाजूंची माणसं आहेत. बोला.

---

शिरोलीकर

दादा, धागा वाचून राहवलं नाही. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे, कास्टिंग आणून मशिनिंग करून देतो. चोवीस वर्षं झाली. तुमच्या यादीतली एक गोष्ट डोळ्यात भरली ती सांगतो.

टॅप, ड्रिल, गेज, वेल्डिंगची टोकं. हे गाडीचे भागच नव्हेत. ही हत्यारं. गाडीत जात नाहीत, गाडी बनवताना झिजतात. आणि जे भाग आहेत ते व्हॉल्व्ह, बटणं, लायटर, म्हणजे मुठीत मावणारे. कोण इंजिन ब्लॉक खेड्यात ओतायला गेलेलं नाही. यात सगळं गणित आलं. एका ट्रकात व्हॉल्व्ह भरले तर हजारो बसतात, भाडं नगामागं काहीच पडत नाही. ब्लॉक भरले तर थोडक्यात ट्रक भरला. ज्याला वजन कमी आणि हातकाम जास्त तेच लांब नेऊन करायला परवडतं. फोर्डला गावाचं प्रेम असेलही, पण नग निवडताना भाड्याचा हिशोब चोख केलेला दिसतोय.

दुसरं म्हणजे वॉटरफर्डचं गेज. हे लोकांना किरकोळ वाटेल, मला सगळ्यात मोठं वाटतं. आमच्याकडं ज्याला स्लिप गेज म्हणतात, ते चकचकीत पोलादी ठोकळे, त्यांचा जनक स्वीडनचा योहान्सन. दोन ठोकळे एकमेकांवर सरकवून दाबले की चिकटतात, इतके सपाट. हा माणूस १९२३ मध्ये फोर्डकडं आला. आता विचार करा. व्हॉल्व्ह नॉर्थव्हिलला बनणार, तो जाऊन बसणार रूजच्या इंजिनात, मधे वीस-पंचवीस मैल. बसला नाही तर? एका छताखाली असताना फिटर कानस मारून बसवून घेतो. लांबून आलेल्या नगाला ती सोय नाही. दोन्हीकडचं माप एकाच ठोकळ्याशी जुळलं पाहिजे. गेज नसतं तर खेड्यात कारखाना निघालाच नसता, मग नदीला पाणी कितीही असो.

फोर्डची व्ही-आठ गाडी १९३२ ला आली. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. एका गाडीला सोळा! त्या गावात काय गडबड असेल याची कल्पना करतोय.

---

नदीकाठ

शिरोलीकर, वॉटरफर्डचं नाव मी यादीत टाकून पुढे गेलो होतो. तुम्ही ते मध्यभागी आणून ठेवलंत. मनापासून आभार.

---

बांधावरून

मी लातूर जिल्ह्यातला, सोयाबीन घेतो. फोर्ड आणि सोयाबीनचा काही संबंध होता असं ऐकलंय. तो याच कारखान्यांशी जोडलेला आहे का?

---

नदीकाठ

थेट जोडलेला आहे, आणि तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

फोर्डचं म्हणणं होतं की शेतकऱ्याने कारखान्यात काम करावं एवढ्याने भागणार नाही, कारखान्याने शेतकऱ्याचा माल विकत घेतला पाहिजे. मंदीच्या सुरुवातीला अमेरिकेत शेतमालाचे भाव कोसळलेले. खाण्यापलीकडे धान्याचा उपयोग काय, म्हणून त्याने डिअरबॉर्नला प्रयोगशाळा काढली आणि रॉबर्ट बॉयर या तरुण माणसाच्या हाती दिली. बऱ्याच पिकांवर प्रयोग करून ते सोयाबीनवर येऊन थांबले. तेल गाडीच्या रंगात जायचं, आणि उरलेल्या पेंडीपासून प्लास्टिकसारखा पदार्थ करून हॉर्नची बटणं, गिअरच्या दांड्याची मूठ असले भाग घडवायचे.

सलीन गावची जुनी गिरणी १९३८ च्या सुमारास यासाठीच सुरू झाली, तिथे सोयाबीनचं तेल काढत. मिलानलाही सोयाबीन आणि जोडीला इग्निशन कॉइल. टेकमसेला बी साफ करून साठवायचं काम. आसपासचे शेतकरी आपलं सोयाबीन थेट या गिरण्यांवर आणून घालू शकत. १९४१ च्या ऑगस्टमध्ये फोर्डने अंगाला प्लास्टिकचे पत्रे लावलेली एक गाडीच लोकांसमोर मांडली. त्याआधी स्वतःच्या गाडीला बसवलेल्या तशाच झाकणावर कुऱ्हाडीचा घाव घालून ते फुटत नाही हे दाखवणारा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. पण त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि ती गाडी पुढे गेली नाही.

सलीनच्या त्या गिरणीत आज लग्नं लागतात. आमच्या एका मित्राच्या मुलीचं तिथेच झालं. मुंडावळ्या बांधलेली मुलगी आणि मागे नदी पाहताना मला सारखं वाटत होतं, इथे एकेकाळी सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागलेली असेल.

---

बांधावरून

उत्तर वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे सोयाबीन म्हणजे आडत, वजनकाटा आणि त्या दिवशीचा भाव. माल ट्रकमध्ये चढला की तो कुठे गेला, त्याचं काय झालं, कधी कळत नाही. तिथल्या शेतकऱ्याला रस्त्यावरून जाणारी गाडी दाखवून म्हणता येत असेल की हिच्या रंगात माझं तेल आहे.

---

कामगारवस्ती

चर्चा छान चाललीय, पण फोर्डच्या कारखान्यांबद्दल बोलायचं आणि कामगार संघटनेचं नाव निघायचं नाही, हे मला पटत नाही. माझे वडील गिरणगावात बदली कामगार होते, त्यामुळे ‘मालकाला कामगाराची काळजी’ हे शब्द आले की मी आधी तारखा बघतो.

याच फोर्डकडे हॅरी बेनेट नावाचा माणूस ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’ चालवायचा. नावावर जाऊ नका. कामगारांवर पाळत ठेवणं आणि गरज पडली तर मारहाण, हे त्याचं काम. २६ मे १९३७ ला रूजच्या दारातल्या पुलावर पत्रकं वाटायला आलेल्या, मोटार कामगारांच्या युनियनचे नेते वॉल्टर रूथर आणि त्यांच्या साथीदारांना बेनेटच्या माणसांनी छायाचित्रकारांसमोर तुडवलं. जनरल मोटर्स आणि क्रायस्लरने त्याच वर्षी संघटनेला मान्यता दिली. फोर्डने दिली १९४१ मध्ये, रूजमध्ये संप झाल्यावर.

एक लाख माणसं एका दारातून आत जात असतील तर त्या दारावर पत्रक वाटता येतं. तीच माणसं वीस, पन्नास, दोनशे अशी नदीकाठच्या खेड्यांत विखुरली, तर संघटना बांधणार कशी? ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि नोकरी देणारा एकच, तिथे तोंड कोण उघडणार?

---

नदीकाठ

कामगारवस्ती, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. मीही तारखा मांडून पाहिल्या.

नॉर्थव्हिल, नॅनकिन, फिनिक्स, प्लिमथ, फ्लॅट रॉक, वॉटरफर्ड हे सगळे १९२० ते १९२५ मधले. मोटार कामगारांची युनियन स्थापन झाली १९३५ मध्ये. त्यामुळे मूळ कल्पना युनियन फोडायला निघाली असं म्हणता येत नाही. इप्सिलँटी १९३२ चा. पण त्यानंतर जी दुसरी लाट आली, न्यूबर्ग, टेकमसे, डंडी, सलीन, मिलान, मिलफर्ड, शॅरन, ब्रुकलिन, मँचेस्टर, ती सगळी १९३५ ते १९४१ मधली. कामगारांना संघटनेचा हक्क देणारा वॅग्नर कायदा १९३५ चा आणि फोर्डशी करार १९४१ चा. तारखा अशा शेजारी शेजारी बसतात. त्यावरून हेतू सिद्ध होत नाही, पण त्या नजरेआड करणंही बरोबर नाही.

आणखी एक. १९३१ मध्ये उत्तर मिशिगनमधल्या आयर्न माउंटनच्या कारखान्यात फोर्डने फर्मान काढलं होतं की घरसंसार असलेल्या कामगाराने पुढच्या वर्षी भाजीपाला पिकवलाच पाहिजे, नाहीतर नोकरी राहणार नाही. मंदीत कुटुंबाला भाजी मिळावी हा विचार चांगलाच. पण परसात काय लावायचं हेसुद्धा मालक सांगणार, हे वाचून मला घुसमटल्यासारखं झालं.

---

शिरोलीकर

युनियनचं मी मालकाच्या बाजूनं बोलतोय असं वाटेल, तरी बोलतो. माझ्याकडं सतरा माणसं आहेत. त्यातल्या अकरा जणांची शेती आहे, बहुतेकांचा ऊस. लावणीला, भांगलणीला, ऊसतोडीला रजा लागते हे मला कॅलेंडर न बघता कळतं. पाऊस पडला की सकाळी सातच्या पाळीला चार माणसं कमी. ग्राहकाला मात्र नग वेळेवर पाहिजेत. मग मी आणि माझा मुलगा लेथवर उभं राहतो.

म्हणून फोर्डचं ‘शेतीला रजा’ हे वाक्य वाचून मला पहिला प्रश्न पडला, की त्या रजेच्या दिवसांत व्हॉल्व्ह कोण बनवत होतं? रूजची लाइन तर थांबत नसणार.

---

नदीकाठ

हा प्रश्न आजवर मला सुचला नव्हता, आणि त्याच्या उत्तरातच बरंच काही दडलंय. या कारखान्यांचा अभ्यास झालेला आहे, त्यातून निघतं ते असं की कागदावर जितके शेतकरी-कामगार होते तितके प्रत्यक्षात नव्हते. बरेच जण आधीपासून गावातच राहणारे, कुणी कारागीर, कुणी रूजमधून बदली घेऊन आलेले. घराला लागून भाजीचा वाफा, फार तर थोडी जमीन. पूर्ण वेळ शेती आणि पूर्ण वेळ कारखाना असं दोन्ही सांभाळणारे थोडे.

तरीही मंदीच्या काळात गावात रोख पगार येत होता ही गोष्ट लहान नव्हे. ज्या वर्षांत कर्जापायी शेतं लिलावात जात होती, त्या वर्षांत नवऱ्याचा किंवा मुलाचा पगार होता म्हणून जमीन राहिली, असं सांगणारी घरं इथे आहेत. माझ्या शेजारच्या आजी, आता नव्वदीच्या, त्यांचे वडील असेच एका गिरणीत होते. त्या म्हणतात, वडील दुपारी जेवायला घरी यायचे. एवढीच आठवण त्या दरवेळी सांगतात आणि दरवेळी त्यांचा चेहरा उजळतो. रूजमधला कामगार जेवायला घरी जाऊच शकत नव्हता.

---

अंगणवेल

फक्त वाचत होते, पण एक विचारायचंय. या सगळ्यात बायका कुठे होत्या?

---

नदीकाठ

फिनिक्समध्ये. प्लिमथ आणि नॉर्थव्हिलच्या मधे हा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला आणि यंत्रांवर काम करायला तिथे बायकाच होत्या. जनरेटरचे कटआउट, म्हणजे वीज उलटी फिरू नये म्हणून जोडणी तोडणारे स्विच, बनवायच्या. बोटांचं नाजूक काम. पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. अविवाहित, विधवा, किंवा जिचा नवरा आजारी-अपंग आहे अशा बाईलाच नोकरी. कमावता नवरा असलेल्या बाईने घरी राहावं असं फोर्डचं मत होतं.

आणखी एक जागा सांगतो, ती माझ्या घराजवळच आहे. कँटनमधलं चेरी हिल. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी एक छोटा कारखाना काढला होता, युद्धात जखमी होऊन, अपंगत्व घेऊन परतलेल्या सैनिकांसाठी. गाडीची कुलपं आणि किल्ल्या करायचं काम. तो फार दिवस चालला नाही. मी त्या चौकातून रोज जातो.

---

अंगणवेल

म्हणजे ज्या बाईला आधार नाही तिला काम, आणि लग्न ठरलं की काम गेलं. माझी आत्या पुण्यात एका कंपनीत कॉइल वाइंडिंग करायची. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथेही लग्न झालेल्या मुली ठेवत नसत. तिने दोन वर्षं मंगळसूत्र डब्यात ठेवून नोकरी केली. फिनिक्समध्येही अशी कुणी असेलच, असं मनात आलं.

---

वर्धेची_लेक

धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये ‘ग्रामोद्योगच म्हणा’ हे शब्द वाचले आणि थबकले. माझं बालपण वर्ध्यात मगनवाडीजवळ गेलं. अखिल भारत ग्रामोद्योग संघ तिथला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी स्थापन केलेला, जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक. तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशा. म्हणजे मिशिगनमध्ये ‘व्हिलेज इंडस्ट्रीज’ची दुसरी लाट येत होती त्याच वर्षांत वर्ध्यातही त्याच नावाचं काम उभं राहत होतं.

आणि यांची गाठ पडलेली आहे! १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, तेव्हा एका अमेरिकन पत्रकाराने त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला होता. तो संवाद नोव्हेंबर १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये आला. पत्रकाराचं म्हणणं असं, की हेन्री फोर्ड आता मोठे कारखाने एका जागी ठेवण्याऐवजी तारेने वीज दूरवर नेऊन, खेड्याखेड्यांत लहान, स्वच्छ, धूर नसलेले कारखाने काढायच्या मताचे झालेत. मग तुमचा यंत्रांवरचा आक्षेप त्याने मिटणार नाही का?

गांधीजींनी नाही म्हटलं. माल हजार ठिकाणी बनला तरी त्याला चालवणारी शक्ती एकाच केंद्रातून येणार असेल तर शेवट वाईटच, कारण एवढी अमर्याद सत्ता एका हाती एकवटते याचीच मला धास्ती वाटते, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

वडिलांनी मला हे शाळेत असताना वाचून दाखवलं होतं. त्या वेळी फोर्डचे कारखाने खरंच कुठे होते, कसे दिसत होते, काही माहीत नव्हतं. आज तुमच्या धाग्यामुळे ते डोळ्यासमोर आले.

---

कामगारवस्ती

ताई, हे मला ठाऊक नव्हतं. आणि यात एक विलक्षण गोष्ट आहे. गांधीजींनी विजेची शक्ती म्हटलं होतं. पण मिशिगनच्या या गिरण्यांत वीज तर त्या त्या गावच्या बंधाऱ्यावरच तयार होत होती ना? तारेने दुरून येत नव्हती. म्हणजे आक्षेप तिथे लागू होत नाही?

---

नदीकाठ

मी काल रात्री यावरच विचार करत बसलो होतो.

वीज गावची होती, हे खरं. पण कच्चा माल रूजहून यायचा आणि तयार नग रूजलाच जायचा. यंत्रं कंपनीची, इमारत कंपनीची, बंधारा कंपनीचा, ड्रॉइंग कंपनीचं. आणि त्या नगाला जगात दुसरा गिऱ्हाईक नाही. फोर्डचा व्हॉल्व्ह फोर्डच्याच इंजिनात बसतो. शॅरनच्या गिरणीत पूर्वी पीठ दळलं जायचं तेव्हा पंचक्रोशीतला कुठलाही शेतकरी तिचा गिऱ्हाईक होता. लायटर बनायला लागल्यावर एकच उरला. नदी गावातून वाहत होती, पण तिचं पाणी कशासाठी आणि किती दिवस चाक फिरवणार हे डिअरबॉर्नला ठरत होतं.

आणि तसंच झालं. सप्टेंबर १९४५ मध्ये नातू, दुसरा हेन्री फोर्ड, अध्यक्ष झाला. कंपनी तेव्हा पैसा गमावत होती आणि कुठला भाग किती खर्चात पडतो याचा धड हिशोबही नव्हता. १९४६ मध्ये जनरल मोटर्सच्या कुळातला अर्नेस्ट ब्रीच आला, हवाई दलात आकडेमोड केलेले तरुण आले, त्यात पुढे संरक्षणमंत्री झालेला रॉबर्ट मॅकनमारा होता. त्यांनी वह्या उघडल्या. छोट्या गिरण्या परवडत नाहीत असं ठरलं. त्या हिशोबात दुपारी घरी जेवायला जाणाऱ्या माणसाचा रकाना नव्हता, असू शकतही नव्हता. मी त्या तरुणांना दोष देत नाही. पण गावाला कुणी विचारलं नाही, कारण विचारायचा प्रश्नच येत नव्हता. गिरणी गावाची नव्हतीच.

कुमारप्पांच्या तेलघाणीचा धंदा मोडला तरी घाणी तेल्याच्या दारात राहते. फरक मला तिथे दिसतो.

---

शिरोलीकर

‘त्या नगाला जगात दुसरा गिऱ्हाईक नाही.’ दादा, हे वाक्य मी दुकानात भिंतीवर लावणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझा जवळजवळ सगळा माल एकाच मोठ्या ग्राहकाकडं जायचा. नाव नको. दरवर्षी रेट कमी करा म्हणायचे, केला. त्यांच्या सांगण्यावरून नवीन मशिन घेतलं, कर्ज काढून, फक्त त्यांच्या एका नगासाठी. पुढं ते मॉडेल बंद झालं. एक मेल आला, तीन ओळींचा. दीड वर्ष ते मशिन ताडपत्री घालून उभं होतं. हप्ता चालूच. त्या दीड वर्षात माझ्या माणसांना ऊस होता म्हणून ते टिकले, आणि ते टिकले म्हणून मी टिकलो. आज माझे सहा ग्राहक आहेत आणि एकालाही तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त माल देत नाही.

म्हणून फोर्डचं एक मी मान्य करतो. एक पाय जमिनीत पाहिजे हे त्यानं बरोबर ओळखलं. फक्त दुसरा पाय त्याच्या एकट्याच्या हातात होता.

---

बांधावरून

शिरोलीकर साहेब, ऊस असतो म्हणून. कोरडवाहू असती तर? आमच्याकडच्या पोरांचा जमिनीतला पाय भेगेत अडकलेला असतो. म्हणून ती चाकणला जाऊन एका खोलीत सहाजण राहतात. लातुरात कुणी फोर्डसारखी गिरणी काढली, एकच गिऱ्हाईक असलेली का असेना, तर मी पोराला उद्या पाठवीन. वीस वर्षांनी बंद पडेल हे माहीत असूनही पाठवीन. वीस वर्षांत दोन पोरं शिकून होतात.

---

कामगारवस्ती

बांधावरून, तुमच्या पोस्टपुढे माझं म्हणणं मला तोकडं वाटतंय. हे मनापासून लिहितोय.

---

वर्धेची_लेक

फोर्ड-गांधी संबंधातलं एक राहिलं होतं. जुलै १९४१ मध्ये फोर्डने गांधीजींना आदर व्यक्त करणारं पत्र लिहिलं. ते सेवाग्रामला पोचेपर्यंत डिसेंबर उजाडला, पर्ल हार्बरवर हल्ला होऊन अमेरिका युद्धात ओढली गेली होती. गांधीजींनी उत्तरादाखल स्वतःची सही असलेला, नेता-आणता येण्याजोगा एक चरखा पाठवला. टी. ए. रामन यांनी तो १९४२ मध्ये फोर्डच्या हाती दिला. म्हणजे वर्ध्याचा चरखा डिअरबॉर्नला गेला आणि तिथल्या संग्रहालयात जपलेला आहे. नदीकाठ, तो पाहिलात का कधी?

---

नदीकाठ

ताई, त्या संग्रहालयात मी मुलाला घेऊन निदान सहा वेळा गेलोय, इंजिनं बघायला. चरखा पाहिल्याचं आठवत नाही. आता विचारून बघेन.

फोर्डच्या शेवटाचं मात्र सांगायचं राहिलं. एप्रिल १९४७ मध्ये रूज नदीला मोठा पूर आला आणि फेअर लेनचं ते वीजघर, एडिसनने कोनशिला बसवलेलं, पाण्यात गेलं. घरातली वीज गेली, टेलिफोन गेले. सात तारखेच्या दिवशी म्हातारा फोर्ड त्याही अवस्थेत आपल्या काही जागा आणि नदीचा पूर पाहून आला. रात्री तो गेला तेव्हा खोलीत मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे होते.

शिरोलीकर, पुढच्या रविवारी डंडीला जातोय. रेझिन नदीवरची ती गिरणी आता गावाचं संग्रहालय आहे. तिथे फोर्डच्या काळातलं काही मांडलेलं असेल तर मापासकट फोटो टाकतो. नॉर्थव्हिलला १९३६ मध्ये अल्बर्ट कानने बांधलेल्या इमारतीवरचं पाण्याचं चाकही घेतो, ते अजून जागेवर आहे.

---

शिरोलीकर

चाकाचा फोटो टाकाच, पण दादा, बेअरिंगच्या बाजूनं घ्या. पाणी आरीवर वरून पडतंय की मधून, तेही दिसू दे. आमच्याकडचा एक जुना मिस्त्री आहे, पाणचक्कीवर काम केलेला, त्याला दाखवायचंय.